चेक-इन बॅगेतली चोरी: कुठे होते, कशी टाळायची आणि झालीच तर काय करायचं

एअरपोर्टवर एवढी सिक्युरिटी, पट्टा काढा, बूट काढा, पाण्याची बाटली फेका, आणि तरी लोकांच्या बॅगेतून घड्याळं, कॅमेरे, परफ्युम गायब होतात, हे कसं काय असं सगळेच विचारतात. कारण ती सिक्युरिटी मुळात विमानासाठी असते, तुमच्या सामानासाठी कोणी ती उभी केलेली नाही. बॅगेत घातक असं काही आत जात नाही ना एवढंच बघितलं जातं, बॅगेतून बाहेर काय निघालं हे बघायला कोणी बसलेलं नसतं. एवढं एक डोक्यात बसलं की पुढच्या सगळ्या टिप्स आपोआप समजतात, त्यामुळे आधी थोडा इतिहास सांगते, मग कामाचं.

१९८५ साली एअर इंडियाचं १८२ फ्लाइट अटलांटिकवर बॉम्बस्फोटात पडलं, ३२९ माणसं गेली, आणि ज्या बॅगेत बॉम्ब होता ती चेक-इन करणारा माणूस विमानात चढलाच नव्हता. १९८८ ला स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर पॅन अ‍ॅम कंपनीचं १०३ फ्लाइट पडलं, २७० गेले, तिथेही तेच, बॅग आत आणि सोबत प्रवासी नाही. चेक-इन बॅगांचे आजचे नियम अशाच घटनांमधून आलेत. प्रवासी चढला नाही तर त्याची बॅग शोधून खाली उतरवतात (त्यात फ्लाइट लेट होते आणि आपण वैतागतो ते हेच), प्रत्येक बॅग एक्स-रे मधून जाते, शंका आली तर उघडून बघतात. अमेरिकेत तर २००२ च्या शेवटापासून सगळ्याच चेक-इन बॅगा तपासायच्या असा कायदा आहे. हे सगळं बरोबरच आहे, पण ह्यातला एकही नियम चोरीसाठी केलेला नाही, उलट बॅग उघडायचा अधिकार जितक्या जास्त लोकांना तितकी तुमची रिस्क जास्त.

आता बॅग काउंटरवर दिल्यावर तिचं होतं काय ते बघा. ती बेल्टवरून पडदा ओलांडून आत जाते, एक्स-रे होतो, मग सॉर्टिंग, मग लोडर ती ट्रॉलीवर किंवा कंटेनरमध्ये रचतात, ट्रॉली विमानाजवळ जाऊन उभी राहते, मग बॅग होल्डमध्ये, म्हणजे विमानाच्या पोटातल्या सामानाच्या जागेत. उतरल्यावर हेच सगळं उलट्या क्रमाने. ह्यात एअरलाइनचा स्वतःचा माणूस बऱ्याचदा फक्त काउंटरवर असतो, पुढची कामं ग्राउंड हँडलिंग कंपनीची, तिचीही अनेकदा कंत्राटी माणसं. बहुतेक जण इमानदारीत ओझी उचलतात, पाठीचा भुगा करून घेतात, त्यांना उगाच शिव्या देण्यात अर्थ नाही. पण एखादा तसा असला तर त्याला संधी कुठे मिळते हे माहीत हवं.

सगळ्यात जास्त संधी छोट्या विमानाच्या होल्डमध्ये. मोठ्या विमानात बॅगा आधीच कंटेनरमध्ये भरलेल्या असतात, तो कंटेनर अख्खाच्या अख्खा आत सरकवतात. पण बोइंग ७३७ सारख्या विमानात बॅगा सुट्या रचाव्या लागतात, म्हणजे एक माणूस आत गुडघ्यावर बसलेला, छत इतकं खाली की सरळ उभंही राहता येत नाही, बेल्टवरून एकेक बॅग येतेय आणि तो ती मागे ढकलतोय. तिथे सहसा कॅमेरा नाही, सुपरवायझर बाहेर, आणि दोन बॅगांच्या मध्ये अर्धा मिनिट मोकळा. अर्ध्या मिनिटात बाहेरचा कप्पा चाचपून होतो.

दुसरी जागा म्हणजे ट्रान्सफर. कनेक्टिंग फ्लाइटमध्ये तुमची बॅग तुमच्याशिवाय तासन् तास कुठल्यातरी शेडमध्ये पडून असते, माणसं बदलतात, शिफ्ट बदलतात, आणि चोरी झाली तर नक्की कुठे झाली हे नंतर कोणालाच सिद्ध करता येत नाही, चोरालाही हे पक्कं माहीत असतं. तिसरी जागा तपासणीची. कुंपणच शेत खातं असे प्रकार झालेत, २०२३ मध्ये मायामी एअरपोर्टवर सिक्युरिटीचेच लोक ट्रेमधल्या पाकिटातून पैसे काढताना सीसीटीव्हीत सापडले होते, ती बातमी व्हिडिओसकट जगभर फिरली. आणि चौथी जागा आपल्या डोळ्यासमोरची, सामानाचा बेल्ट. कित्येक एअरपोर्टवर बाहेर पडताना टॅग आणि पावती कोणी जुळवून बघत नाही, आणि अमेरिकेत डोमेस्टिक फ्लाइटचा बेल्ट सहसा अशा भागात असतो जिथे रस्त्यावरून कोणीही सरळ आत येऊ शकतं. काळी ट्रॉली बॅग उचलायची आणि शांतपणे चालत निघायचं, कोणी विचारलं तर "सॉरी, माझीच वाटली".

चेक-इनमध्ये काय टाकायचं नाही

हा नियम सगळ्यांना पाठ आहे आणि सगळे मोडतात. दागिने, रोख पैसे, पासपोर्ट, कागदपत्रं, लॅपटॉप, कॅमेरा, हार्ड डिस्क, घड्याळ, रोजची औषधं, घराच्या किल्ल्या, हे सगळं अंगावर किंवा केबिन बॅगेत. लोक चुकतात ते "छोट्या" वस्तूंमध्ये. नवीन सीलबंद परफ्युम, चांगला गॉगल, वायरलेस हेडफोन, ट्रिमर, ब्रँडेड मेकअप, दुकानाच्या पिशवीसकट ठेवलेलं गिफ्ट. चोर काय शोधतो तर खिशात मावेल, पटकन विकलं जाईल आणि ज्याच्यावर नाव नसेल असं काहीतरी. तुमचा भारीतला सूट त्याला नको, तो जॅकेटच्या आत लपवता येत नाही. त्यामुळे पॅक करताना वस्तूची किंमत बघू नका, ती खिशात मावते का ते बघा.

आणि ज्या मौल्यवान वस्तूला पर्यायच नाही, म्हणजे मोठी लेन्स, एखादं यंत्र, वाद्य, ती टाकावीच लागली तर बॅगेच्या मधोमध, कपड्यात गुंडाळून, मूळ खोक्याशिवाय. ब्रँडचं चित्र असलेलं खोकं म्हणजे आमंत्रण. बाहेरच्या कप्प्यात काही म्हणजे काहीच ठेवू नका, रुमालसुद्धा नको, कारण फुगलेला कप्पा दिसला की हात जातोच. बॅगसुद्धा अगदी महागड्या कंपनीची, चकचकीत नवीन नसली तर उत्तमच, थोडी खरचटलेली पण मजबूत बॅग सगळ्यात सेफ. हां, पण तिला ओळखायची खूण पाहिजे, रंगीत पट्टा, मोठा स्टिकर, काहीतरी विचित्रच, म्हणजे चुकून उचलणाराही थबकतो आणि "चुकून" उचलणाऱ्याचीही सबब संपते.

एक गोष्ट जी सहसा कोणी सांगत नाही आणि माझ्या मते सगळ्यात मोठी फट हीच आहे: बोर्डिंगच्या वेळी वरचे कप्पे भरलेत म्हणून केबिन बॅग दारात काढून घेतात. ज्या बॅगेत तुम्ही मुद्दाम सगळं महागाचं सामान ठेवलंय तीच बॅग आता कुलूप न लावता, घाईघाईत, होल्डमध्ये. मागे रांग, समोर कर्मचारी हात पुढे करून उभा, अशा वेळी कोणालाच काही सुचत नाही. म्हणून केबिन बॅगेत आतमध्ये एक वेगळी पातळ बॅग किंवा पाउच ठेवायचं आणि पैसे, पासपोर्ट, दागिने, हार्ड डिस्क, औषधं सगळं त्या एका पाउचमध्ये, म्हणजे बॅग मागितली की चेन उघडायची, पाउच ओढायचं, बॅग देऊन टाकायची. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या तर काढाव्याच लागतात, त्या होल्डमध्ये चालत नाहीत, आगीच्या भीतीमुळे. "पॉवर बँक काढायची आहे" म्हटलं की कर्मचारी थांबतोच, तेवढ्या वेळात बाकीचंही काढून घ्या.

कुलूप, चेन आणि गैरसमज

चेन असलेल्या बॅगेला कुलूप लावून लोक निर्धास्त होतात. खरं म्हणजे साधं बॉलपेन चेनच्या दातांत मध्येच कुठेतरी जोरात खुपसलं की दात सुटतात आणि बॅग उघडते, कुलूप जागच्या जागी. मग हात घालून काय हवं ते काढायचं आणि कुलपासकट दोन्ही रनर एकदा पूर्ण फिरवून आणले की दात परत बसतात, बॅग होती तशी दिसते. तुम्हाला घरी जाऊन तीन दिवसांनी कळतं की चार्जर आहे पण ट्रिमर नाही. ह्यावर एक सोपी गोष्ट करता येते, दोन्ही रनर कुलपाने किंवा केबल टायने बॅगेच्या हँडलला किंवा पक्क्या कडीला बांधून टाकायचे. रनर सरकतच नाहीत म्हणजे उघडलेली चेन परत लावता येत नाही, आणि जे लपवता येत नाही ते करायला चोर कचरतो. नवीन बॅग घेणार असाल तर चेन नसलेली, कडक खोक्यासारखी, क्लिपने बंद होणारी घ्या, जड असते पण बॉलपेनचं इथे काही चालत नाही. ज्यांना चेनचीच हवी त्यांनी दातांच्या दोन रांगा असलेली चेन बघावी, ती फोडायला जास्त त्रास होतो.

टीएसए (अमेरिकेतली एअरपोर्ट तपासणीची सरकारी संस्था) लॉकचं प्रकरण वेगळंच. ह्या कुलपांना मास्टर किल्ली असते म्हणजे अमेरिकेतल्या तपासणीवाल्यांना ती न तोडता उघडता येतात, तुमच्या कुलपावर लाल हिऱ्यासारखी खूण आणि ००२ किंवा ००७ असा नंबर दिसेल तो कुठली मास्टर किल्ली चालते त्याचा. कल्पना चांगली होती, पण २०१४ मध्ये एका मोठ्या अमेरिकन वर्तमानपत्राच्या बातमीत त्या किल्ल्यांच्या संचाचा स्पष्ट फोटो छापून आला, आणि २०१५ मध्ये त्यावरून थ्रीडी प्रिंटरने किल्ल्या बनवायच्या फायली इंटरनेटवर आल्या. म्हणजे आता ती मास्टर किल्ली कोणाकडेही असू शकते. मग लावायचंच नाही का? अमेरिकेला जाताना लावा, कारण दुसरं कुलूप लावलंत तर त्यांना बॅग उघडायची वेळ आल्यावर ते तोडतात आणि मग पुढचा सगळा प्रवास बॅग उघडीच. बाकी ठिकाणी मला साधे केबल टाय जास्त आवडतात, शक्यतो नंबर छापलेले सील मिळाले तर तेच. रंग वेगळा निवडा, नंबरचा फोटो काढा. टाय तोडायला एक सेकंद लागतो हे मान्य, पण तुटलेला टाय परत जोडता येत नाही आणि तुमच्या नंबरचा दुसरा टाय चोराकडे नसतो. बॅग उघडली गेलीय हे बेल्टवरच कळणं हाच ह्या सगळ्याचा फायदा, का ते पुढे सांगते. टाय कापायला नेलकटर केबिन बॅगेत ठेवा, बहुतेक ठिकाणी चालतो.

अमेरिकेत टीएसएने बॅग उघडली तर आत छापील चिठ्ठी ठेवतात की आम्ही तपासणी केली. चिठ्ठी असेल आणि टाय तुटला असेल तर लगेच चोरी धरू नका, पण वस्तू मोजा. टाय तुटलाय आणि चिठ्ठी नाही, तर मग तिथेच उभं राहून पूर्ण बॅग बघायची.

प्लास्टिक गुंडाळून घेणं चांगलं का? वरवर हात मारणाऱ्याला थांबवतं, पण तपासणीत कापलं तर परत गुंडाळून कोणी देत नाही. परवडत असेल तर करा, फक्त त्याच्या भरवशावर आत घड्याळ ठेवू नका.

टॅग आणि फोटो

काउंटरवर लावतात त्या टॅगवर दहा आकडी नंबर असतो, त्यातला पहिला आकडा सोडला की पुढचे तीन एअरलाइनचे आणि शेवटचे सहा तुमच्या बॅगेचे. सगळी यंत्रणा तुमची बॅग त्या नंबरनेच ओळखते, रंगाने नाही, नावाने नाही. म्हणून टॅग लावताना बघा: शेवटच्या एअरपोर्टचा तीन अक्षरी कोड बरोबर आहे का, पावतीवरचा नंबर आणि टॅगवरचा नंबर एकच आहे का, आणि जुने टॅग, जुने बारकोडचे छोटे स्टिकर बॅगेवर चिकटलेले नाहीत ना. त्या छोट्या स्टिकरनी मशीन गोंधळतं आणि बॅग भलत्याच गावाला जाते.

टॅग बदलला तर काय होतं ह्याचं सगळ्यात भयानक उदाहरण २०२३ चं आहे. ब्राझीलमधल्या दोन बायका फ्रँकफर्टमार्गे फिरायला निघाल्या होत्या, साओ पाउलोच्या ग्वारूल्योस एअरपोर्टवर आतल्याच लोकांनी त्यांच्या बॅगांचे टॅग काढून कोकेन भरलेल्या दुसऱ्याच बॅगांना लावले. फ्रँकफर्टला त्यांना पकडलं, त्या ३८ दिवस जेलमध्ये होत्या, आणि सुटल्या त्या ब्राझीलच्या पोलिसांनी सीसीटीव्ही फुटेज दाखवून सिद्ध केलं की त्यांनी दिलेल्या बॅगा वेगळ्याच होत्या म्हणून. म्हणजे इथे वस्तू चोरीला गेली नाही, नाव चोरीला गेलं. ही फट तुम्ही बंद करू शकत नाही, पण पुरावा ठेवू शकता: बॅग काट्यावर ठेवलेली असताना, टॅग लावलेला, वजनाचा आकडा दिसतोय, असा एक फोटो. पाच सेकंदांचं काम आहे. त्याच्याआधी घरी बॅग बंद करण्यापूर्वी उघड्या बॅगेचा एक फोटो, आणि महागाच्या वस्तूंच्या बिलांचे फोटो मेलवर.

वजनाचं तर मी सगळ्यांना सांगते. पावतीवर किंवा टॅगवर बऱ्याचदा वजन छापलेलं असतं. उतरल्यावर बॅग हलकी वाटली की एअरलाइनच्या काउंटरवर परत वजन करायला लावा. काटे थोडे इकडेतिकडे असतात त्यामुळे दोनशे ग्रॅमवरून भांडू नका, पण १९ किलोची बॅग साडेसतरा भरली तर त्या आकड्यासमोर काउंटरवरच्या माणसाला "आमच्याकडे असं होत नाही" म्हणणं अवघड जातं.

बॅगेवर बाहेरून नाव, मोबाइल, ईमेल एवढंच. घरचा पत्ता लिहू नका, घर बंद आहे हे सगळ्यांना कशाला सांगायचं. आत मात्र वरच एक कागद ठेवा त्याच्यावर नाव, फोन, कुठे उतरणार ते, बाहेरचा टॅग तुटला तर बॅग उघडून तोच बघतात.

ट्रॅकरबद्दल हल्ली सगळे विचारतात. एअरटॅग किंवा तसलं काहीही घ्या, नक्की टाका, चेक-इनमध्ये चालतं, २०२२ मध्ये लुफ्थान्साने आधी नाही म्हटलं होतं आणि मग काही दिवसांत हो म्हटलं. पण अपेक्षा बरोबर ठेवा. ट्रॅकर बॅग कुठे आहे ते सांगतो, बॅगेतला कॅमेरा कुठे गेला ते नाही. अख्खी बॅग उचलून नेली तर मात्र सोन्यासारखा, २०२२ मध्येच फ्लोरिडात एका बाईंची बॅग ट्रॅकरच्या सिग्नलवरून माग काढून एअरपोर्टवरच काम करणाऱ्या माणसापर्यंत पोलिस पोचले होते. बाहेरच्या कप्प्यात न ठेवता अस्तराच्या आत, तळाशी ठेवा. अनोळखी ट्रॅकर बराच वेळ सोबत फिरत असला तर आता आयफोन आणि अँड्रॉइड दोन्ही मोबाइल सूचना देतात, म्हणजे चोरालाही कळू शकतं, त्यामुळे लोकेशन दिसलं की स्क्रीनशॉट काढत राहा. आणि त्या पत्त्यावर स्वतः जाऊन धडकू नका, पोलिसांना दाखवा.

उतरल्यावर

विमानातून उतरून आधी बेल्टपाशी जा, बाकी सगळं नंतर. बॅग आली की बाजूला घेऊन एक मिनिट द्या: टाय आहेत का, नंबर तेच आहेत का, चेनचे दात कुठे वाकडे दिसतात का, वजन. सगळं ठीक असेल तर निघा. काहीही संशय आला तर तिथेच बॅग उघडा, लाज वाटून घेऊ नका, लोक बघतील तर बघू देत. कारण त्या हॉलच्या बाहेर एकदा पाऊल टाकलंत की पुढचा प्रत्येक माणूस तुम्हाला एकच विचारणार, "हे घरी किंवा टॅक्सीत गेलं नाही कशावरून?"

काही गेलं असेल तर तिथेच एअरलाइनच्या बॅगेज काउंटरवर पीआयआर (सामानातल्या गडबडीची अधिकृत नोंद) नावाचा रिपोर्ट करून घ्यायचा. त्याचा नंबर मिळतो, सहसा पाच अक्षरं आणि पाच आकडे, तो घेतल्याशिवाय हलायचं नाही. "ऑनलाइन करा", "कस्टमर केअरला फोन करा" असं म्हणून कटवायला बघतात, गोड बोलून पण चिकटून राहा. रिपोर्टमध्ये बॅग फाटली एवढंच लिहून चालत नाही, काय काय गेलं ते लिहा, आणि यादी अर्धवट असेल तर "अजून तपासतोय" असं लिहायला लावा. टाय, चेन, कुलूप ह्यांचे फोटो तिथल्या तिथे. चोरी असेल तर एअरपोर्टच्या पोलिसांकडेही तक्रार द्या, इन्शुरन्सवाले बहुतेक वेळा तीच आधी मागतात. आणि टॅगची पावती व बोर्डिंग पास क्लेमचा निकाल लागेपर्यंत टाकू नका.

आंतरराष्ट्रीय प्रवासाला बहुतेक ठिकाणी १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो, १३० हून जास्त देश त्यात आहेत. त्यातलं तुमच्या कामाचं असं. बॅग एअरलाइनच्या ताब्यात असताना काही गेलं तर जबाबदार एअरलाइन, कोणी चोरलं हे तुम्ही शोधून द्यायची गरज नाही, ती वस्तू बॅगेत होती आणि तिची किंमत काय हे मात्र तुम्हाला दाखवावं लागतं (म्हणून ते फोटो आणि बिलं). तक्रार लेखी पाहिजे आणि बॅग हातात आल्यापासून ७ दिवसांच्या आत. पीआयआर केला म्हणजे झालं असं समजू नका, वेगळा ईमेल पाठवाच. बॅग उशिरा आली तर उशिराच्या तक्रारीला २१ दिवस, आणि २१ दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असं धरून हक्क सांगता येतो.

सात दिवसांचं इतकं ताणून सांगते कारण ह्याच्यावर एक जुना खटलाच आहे, ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत (तेव्हाचं तिथलं सगळ्यात वरचं कोर्ट) गेलेला, १९८० चा, मोनार्क एअरलाइन्सविरुद्ध. प्रवाशाने बॅग फाटल्याची तक्रार एअरपोर्टवरच केली होती, घरी गेल्यावर कळलं की आतला शर्ट, सँडल, कार्डिगन गायब, पण ते त्याने सात दिवसांत एअरलाइनला लेखी कळवलं नाही. त्याचं म्हणणं, सात दिवसांची अट "नुकसाना"ला आहे, वस्तू हरवण्याला नाही. कोर्ट म्हणालं आतली वस्तू जाणं हेही बॅगेचं नुकसानच, मुदत लागू, केस गेली. तेव्हा माँट्रियलच्या आधीचा जुना वॉर्सा करार होता पण सात दिवसांची अट आजही तशीच आहे.

पैसे किती मिळतात? कमाल १५१९ एसडीआर, हा आयएमएफचा पाच चलनांवरून काढलेला हिशोबाचा आकडा आहे, साधारण दोन हजार डॉलरच्या आसपास पडतो. डिसेंबर २०२४ च्या आधी हीच मर्यादा १२८८ होती, त्यामुळे जुने लेख वाचून कमी मागू नका. मर्यादा प्रत्येक प्रवाशाला आहे, प्रत्येक बॅगेला नाही, आणि ती वरची हद्द आहे, सरसकट कोणी तेवढे देत नाही, वापरलेल्या वस्तूची घसारा वजा करून किंमत लावतात. खरंच महागडं काही न्यायचं असेल तर चेक-इनलाच जादा मूल्य जाहीर करून थोडी फी भरता येते, म्हणजे हद्द वाढते, पण काउंटरवरच्या माणसाला ते माहीत नसण्याची शक्यता भरपूर, आधी फोन करून विचारा.

एअरलाइन हमखास एक उत्तर पाठवते: "आमच्या अटींनुसार दागिने, रोख, इलेक्ट्रॉनिक्स ह्यांची जबाबदारी आम्ही घेत नाही." डोमेस्टिक प्रवासात ते त्या त्या देशाच्या नियमावर अवलंबून असतं, पण आंतरराष्ट्रीय तिकिटावर कराराचं कलम २६ दाखवा, कराराने ठरवलेली जबाबदारी कमी करणारी अट तिथे रद्दबातल धरली जाते. अशा ठिकाणी पहिलं "नाही" म्हणजे शेवटचं उत्तर नसतं. आणि चोरी एअरलाइनच्याच किंवा तिने नेमलेल्या माणसाने काम करताना जाणूनबुजून केली असं सिद्ध झालं तर ती १५१९ ची मर्यादाही राहत नाही, कलम २२ मध्येच आहे ते, फक्त सिद्ध करणं कठीण.

कनेक्टिंग प्रवासात दोन-तीन एअरलाइन असतील तर त्या एकमेकींकडे बोट दाखवतात. तुम्ही त्यांच्या भांडणात पडू नका. बॅगेच्या बाबतीत पहिल्या, शेवटच्या आणि जिच्याकडे असताना नुकसान झालं त्या, तिघींपैकी कोणाकडेही मागता येतं, तक्रार तिघींनाही पाठवा. अमेरिकेत टीएसएच्या तपासणीत वस्तू गेल्यासारखी वाटत असेल तर त्यांचा क्लेम फॉर्म वेगळा असतो, तोही भरा, त्याला दोन वर्षांची मुदत आहे. एअरलाइनवर कोर्टात जायलाही दोनच वर्षं, विमान पोचल्याच्या दिवसापासून मोजायची, ईमेलवर "आम्ही बघतोय, बघतोय" चालू असलं तरी ती मुदत थांबत नाही, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांत ठोस उत्तर आलं नाही की ग्राहक आयोग (पूर्वीचा ग्राहक मंच) किंवा तिथल्या विमान वाहतूक नियामकाकडे तक्रार टाकून द्या.